थेट शास्त्रज्ञालाच विचारू या! – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात शाळेतल्या मुलांनी शास्त्रज्ञांना ऑनलाइन प्रश्न विचारायचे, थेट, मधे कोणी नाही, अशा सेशन्सबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप मेसेज असं बरंच काही आलंय. सगळं छापणं शक्य नाही, पण ज्यातून पुढे काहीतरी करता येईल असे प्रश्न निवडलेत. बऱ्याच जणांनी आपल्या शाळेबद्दल मोकळेपणानं लिहिलंय म्हणून कोणाचंच नाव छापत नाहीये, फक्त गाव.

आमची झेडपीची शाळा, सातवीपर्यंत. नेट कधी येतं कधी जातं. लोकवर्गणीतून एक अँड्रॉइड टीव्ही घेतलाय, बाकी माझा स्वतःचा मोबाइल. शहरातल्या शाळांचं ठीक आहे हो, आमच्यासारख्यांना हे जमेल का? आणि शास्त्रज्ञ आणायचा कुठून? – एक शिक्षक, अकोले तालुका

जमतं सर, आणि तुमच्याकडे टीव्ही आहे म्हणजे निम्मं काम झालंय. पहिली गोष्ट, व्हिडिओचा हट्ट सोडा. सुरुवातीला दोन मिनिटं व्हिडिओवर तोंडओळख होऊ द्या, मुलांना माणूस दिसू दे, मग नेट अडखळायला लागलं की बिनधास्त व्हिडिओ बंद करा आणि नुसत्या आवाजावर चालवा. तेही नाही झालं तर साधा फोन लावून स्पीकरवर टाका. फोनवरही मुलं तेवढ्याच उत्साहानं विचारतात, मी पाहिलंय. आणि रेंजच नसेल त्या दिवशी तर मुलांचे प्रश्न त्यांच्याच आवाजात व्हॉइस मेसेज म्हणून रेकॉर्ड करून ठेवा, रेंज आली की पाठवा, शास्त्रज्ञ सवडीनं तसंच उत्तर पाठवतात आणि ते वर्गात ऐकवता येतं. हा प्रकार कमी दर्जाचा अजिबात नाही, उलट घाबरणाऱ्या पोरांना तोच सोयीचा पडतो.

पीपीटी नको म्हणून आधीच सांगून ठेवा. प्रेमानं बोलवलेला माणूसही चाळीस स्लाइड घेऊन येतो आणि तासिका त्यातच संपते. पाच मिनिटं त्यांनी स्वतःबद्दल बोलायचं, कुठल्या गावचे, कुठल्या शाळेत शिकले, सकाळी लॅबमध्ये गेल्यावर नक्की काय करतात, आणि उरलेला सगळा वेळ मुलांचा. आठवडाभर आधी वर्गात एक डबा ठेवा, मुलं चिठ्ठ्या टाकतील. चिठ्ठ्या तुम्ही वाचा, एकसारखे प्रश्न एकत्र करा, क्रम लावा, पण प्रश्नाची भाषा बदलू नका आणि ज्याचा प्रश्न त्यानंच विचारायचा. आवाज पोचला नाही तर तुम्ही परत सांगा, मात्र त्याच्याच शब्दांत.

शास्त्रज्ञ कुठून आणायचे, तर आपल्याकडे माणसांची कमी नाही. पुण्यात खगोलशास्त्राची आयुका, विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर, रसायनशास्त्राची एनसीएल, आघारकर संशोधन संस्था, मुंबईत मूलभूत संशोधनाची टीआयएफआर आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, गोव्यात दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र. तुमच्या जिल्ह्यातच राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, त्याला कोणी विचारतच नाही, जणू बियाण्यावर, किडीवर, मातीवर काम करणारा माणूस शास्त्रज्ञ नसतोच! संस्थेच्या वेबसाइटवर लोकांसाठीच्या कार्यक्रमांचं बघणाऱ्या माणसाचा मेल बहुतेक वेळा मिळतो. मेलमध्ये फार विनवण्या नकोत, इयत्ता, मुलांची संख्या, भाषा, जमणाऱ्या दोन-तीन तारखा, आणि खाली मुलांचे दहा प्रश्न, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, जसे आहेत तसे. ते प्रश्न वाचून माणूस हो म्हणतो, आपल्या औपचारिक विनंतीनं नाही.

आणि मोठ्या नावामागे लागू नका. पीएचडी करणारी पंचविशीतली मुलं-मुली या कामाला सगळ्यात चांगली, त्यांना वेळ असतो आणि शाळा अजून आठवत असते. तुमच्या पोरांच्या डोळ्यासमोर कळसूबाई आहे, 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि तो सगळा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे एकावर एक थर. एखादा भूशास्त्रज्ञ गाठा, मग बघा पोरं त्याला सोडतात का.

इंग्रजीची तयारी असेल तर 'स्काइप अ सायंटिस्ट' नावाचा अमेरिकेतला उपक्रमही आहे, माकुळांवर, म्हणजे स्क्विडवर, संशोधन करणाऱ्या सारा मॅकअनल्टी यांनी 2017 मध्ये सुरू केलेला. शिक्षकानं फॉर्म भरायचा, ते शास्त्रज्ञाशी जोडी लावून देतात, पैसे लागत नाहीत. तिकडचा माणूस मिळाला तर घड्याळाचं आधीच बघा, आपले सकाळचे आठ म्हणजे न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा, ऋतूप्रमाणे. युरोपातला माणूस असेल तर आपली दुपारची अडीचची वेळ दोघांनाही बरी पडते.

आमच्या शाळेत एका शास्त्रज्ञ सरांचा झूम कॉल झाला. मी प्रश्न लिहून दिलेला की आमच्या विहिरीचं पाणी थंडीत पहाटे कोमट कसं लागतं आणि उन्हाळ्यात तेच गार कसं लागतं. बाई म्हणाल्या हा फार साधा प्रश्न आहे, आणि मला कागदावर ब्लॅक होलचा प्रश्न लिहून दिला, तो मी वाचला. सरांनी छान उत्तर दिलं पण मला काही कळलं नाही. माझा प्रश्न चुकीचा होता का? – सातवीतली विद्यार्थिनी, सांगोला

अजिबात चुकीचा नव्हता बाळा. मला आलेल्या सगळ्या पत्रांत मला तुझा प्रश्न सगळ्यात जास्त आवडला, कारण तो तुझ्या हाताला लागलेल्या पाण्यातून आलाय.

आधी उत्तर. माती आणि दगडातून उष्णता फार हळू जाते. वर ऊन तापलं किंवा थंडी पडली तरी ते खाली पोचेपर्यंत विरून जातं, आणि आठ-दहा मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, त्या गावच्या वर्षभराच्या हवेची जी सरासरी असते तिच्या आसपास. तुमच्याकडे ते पंचवीस ते अठ्ठावीस अंश असेल असा माझा अंदाज. आता डिसेंबरात पहाटे हवा बारा-तेरा अंशांवर आलेली असते, तुझा हात गार पडलेला असतो, अशा हाताला पंचवीस अंशांचं पाणी कोमटच लागणार. मे महिन्यात दुपारी हवा चाळिशीच्या वर, तेव्हा तेच पाणी गार. म्हणजे पाणी जवळपास तेच असतं, बदलते ती हवा आणि तुझा हात. आपल्या कातडीला थर्मामीटरसारखा आकडा कळत नाही, तिला एवढंच कळतं की उष्णता माझ्याकडे येतेय की माझ्याकडून जातेय.

हे खरं की खोटं ते तूच बघू शकतेस. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर माग, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घे, वाकून बघायचं नाही, त्यांनी पोहऱ्यानं पाणी काढलं की लगेच तापमान वहीत लिही, शेजारी हवेचंही लिही. थंडीत काही दिवस आणि उन्हाळ्यात काही दिवस. आणि कोणाकडे खोल बोअर असेल तर त्याचंही पाणी मोज, कारण जमिनीत खूप खोल गेलं की उलट तापमान वाढत जातं, किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश या हिशोबानं. हजार फुटांच्या बोअरचं पाणी विहिरीपेक्षा गरम निघतं का? मला तुझे आकडे बघायला खरंच आवडतील.

आता तुझ्या बाईंसाठी दोन ओळी, त्यांनी हा अंक वाचला तर. बाई, तुम्ही हे शाळेची लाज राखायला केलंत हे कळतं. पाहुणे आलेत, आपल्या मुली हुशार वाटल्या पाहिजेत, हे कुठल्याही शिक्षकाला वाटतंच. पण ब्लॅक होलचा प्रश्न त्या शास्त्रज्ञांना दर सेशनला येतो आणि त्याचं उत्तर त्यांचं तोंडपाठ असतं. विहिरीच्या प्रश्नावर ते क्षणभर थांबले असते, तिला उलट विचारलं असतं की विहीर किती खोल आहे गं, पाणी कितीवर आहे, आणि तिथून पुढे दहा मिनिटं जे बोलणं झालं असतं त्यासाठीच तर आपण हे सेशन ठेवतो. दुसऱ्याचा प्रश्न वाचणारी मुलगी उत्तर ऐकत नाही, ती आपली पाळी नीट पार पडली ना एवढंच बघते.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. मुलीच्या शाळेत 'आय अॅम अ सायंटिस्ट, गेट मी आउट ऑफ हिअर' नावाचा प्रकार झाला. लॉगिन करून शास्त्रज्ञांशी टाइप करून बोलायचं आणि शेवटी मुलांनी मतदान करायचं. मुलगी भयंकर खूश, पण मला ते टीव्हीवरच्या शोसारखं वाटलं. शास्त्रज्ञांना मतं कसली द्यायची? – एक पालक

टीव्हीवरच्या शोवरूनच ते नाव घेतलंय, मुद्दाम. 2008 मध्ये छोट्या प्रमाणावर सुरू झालं, 2010 पासून नियमित चालतंय आणि वेलकम ट्रस्टसारख्या मोठ्या संस्थेनं त्याला पैसा दिला. नंतर आयर्लंडमध्ये झालं, केनियात किलिफीच्या वैद्यकीय संशोधन केंद्रानंही तिथल्या शाळांसाठी केलं. म्हणजे नाव उथळ वाटलं तरी आतलं काम पक्कं आहे.

मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती टाइप करण्याची. सगळं लेखी, कॅमेरा नाही. शाळेची एक तासिका, त्यात अर्धा तास चॅट, एका बाजूला वर्गभर मुलं आणि दुसऱ्या बाजूला चार-पाच शास्त्रज्ञ, मुलांची खरी नावं दिसत नाहीत, आणि प्रत्येक मेसेजवर मॉडरेटरची नजर. वर्गात जो मुलगा वर्षभर हात वर करत नाही त्यानं तिथे प्रश्न विचारलेला असतो, कारण कोणी मागे वळून बघणार नसतं. उच्चारांची भीती नाही, अडखळण्याची नाही. परदेशात वाढणाऱ्या किंवा घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना याचा किती फायदा होत असेल ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. शिवाय चॅटमध्ये राहिलेले प्रश्न नंतर लिहून विचारता येतात, त्यांची सावकाश, मोठी उत्तरं येतात.

मतदानाबद्दल मात्र माझी दोन मनं आहेत. जिंकणाऱ्याला 500 पौंड मिळतात, आणि ते खिशात घालायला नसतात, विज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या कामावर खर्च करायचे असतात. हा पैसा कोणाच्या हातात द्यावा हे ठरवायचं म्हणून मुलं उत्तरं काळजीपूर्वक वाचतात, कोण टाळाटाळ करतंय, कोण खरंच माझं ऐकतंय याचा विचार करतात, हे चांगलंच आहे. तुमच्या मुलीला विचारा तिनं मत कोणाला दिलं आणि का, बहुतेक ती तुम्हाला बरंच काही सांगेल. पण आपल्याकडे महाराष्ट्रात हे सुरू करायचं तर मी मतदान वगळेन. इथे मुलांच्या आयुष्यात पहिला नंबर, दुसरा नंबर आधीच एवढं आहे की निदान प्रश्न विचारण्याच्या जागी तरी कोणी हरू नये असं मला मनापासून वाटतं.

मुलगा नववीत आहे. आता मोबाइलवर चॅटबॉटला काहीही विचारलं की मराठीत लगेच उत्तर मिळतं, यूट्यूब आहेच. मग एवढा खटाटोप करून चाळीस मुलांमागे एक शास्त्रज्ञ कशाला? यातून मार्क वाढतात का? – एक पालक, नागपूर

मार्कांचं सरळ सांगते, अर्ध्या तासाच्या एका सेशननं मार्क वाढत नाहीत, आणि कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

माहितीच हवी असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, ती मोबाइलवर मिळते, लवकर मिळते, कधीकधी चुकीचीही मिळते पण ते सोडा. सेशनमध्ये मिळतं ते वेगळं आहे. मुलगा विचारतो, तुम्हाला हे काम कंटाळवाणं होत नाही का, आणि समोरची बाई सांगते की होतं, गेले चार महिने एकच प्रयोग फसतोय आणि का फसतोय ते कळत नाहीये, उद्या परत करणार आहे. किंवा एखाद्या प्रश्नावर ती म्हणते, हे मला माहीत नाही, माझ्या माहितीप्रमाणे अजून कोणालाच नीट माहीत नाही. पुस्तकात सगळं ठरलेलं असतं, गाईडमध्ये तर उत्तराच्या ओळीसुद्धा मोजलेल्या असतात. पंधरा वर्षांच्या पोरानं एका शिकलेल्या मोठ्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' हे इतक्या सहज ऐकणं, आणि ते ऐकून त्या माणसाबद्दलचा आदर वाढणं, हे आपल्याकडे फार क्वचित घडतं हो. चॅटबॉटनं 'माहीत नाही' म्हटलं तर आपण दुसरा उघडतो. त्याचा कुठला प्रयोग फसलेला नसतो, तो कुठल्या झेडपीच्या शाळेत शिकलेला नसतो.

दुसरं एक. डेव्हिड चेंबर्स नावाच्या संशोधकानं 1983 मध्ये एक अभ्यास छापला, त्यात शाळकरी मुलांना सांगितलं होतं की शास्त्रज्ञाचं चित्र काढा. 4807 मुलांची चित्रं जमा झाली, त्यात बाई शास्त्रज्ञ किती होत्या माहितीये? 28. आणि त्या सगळ्या मुलींनी काढलेल्या, एकाही मुलानं नाही. बाकी चित्रांत वरचेवर दिसले ते पांढरा कोट, चष्मा, दाढी. पुढे 2018 मध्ये अमेरिकेतल्या अशा अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज झाली तेव्हा नंतरच्या दशकांत बाई काढणाऱ्यांचं प्रमाण साधारण 28 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. मुलं जे बघतात ते काढतात. तुमच्या मुलाला नागपुरातच नीरीमध्ये पाणी आणि हवा तपासणारी माणसं भेटू शकतात, कापूस संशोधन संस्थेत बोंडअळीमागे लागलेली माणसं भेटू शकतात. अशा एखाद्या माणसाशी वीस मिनिटं बोलल्यावर, पुढे विज्ञान घ्यायचं की नाही हे तो ऐकीव गोष्टींवर ठरवणार नाही, बघून ठरवेल. आणि समजा बघून नको म्हणाला तरी ते चांगलंच झालं.

मी बेंगळुरूमध्ये पीएचडी करतेय, फळमाशीवर. माझ्या गावच्या शाळेनं ऑनलाइन बोलायला बोलवलंय. मराठीत विज्ञान बोलायची सवय पार गेलीये. शिवाय मैत्रिणी सांगतात की पोरं देव आहे का, पगार किती असलं काहीही विचारतात. भीती वाटतेय. काय तयारी करू? – एक संशोधक

तू जा, म्हणजे कॉलवर. हे पत्र लिहिलंस त्याअर्थी मनातून तुला जायचंच आहे.

मराठीचं टेन्शन घेऊ नकोस. जीन, डीएनए, मायक्रोस्कोप हे शब्द मुलांना माहीत असतात, ते तसेच वापर, अवघड संस्कृत शब्द शोधत बसू नकोस. बाकी वाक्य घरी आईशी बोलतेस तसं. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ती चिलटं, एवढं सांगितलंस की सगळ्यांच्या डोळ्यासमोर आली. लगेच कोणीतरी विचारणार, चिलटं कशाला पाळता ताई? मग सांग की पंचवीस अंशांना ठेवली तर अंड्यापासून पूर्ण वाढलेली माशी व्हायला दहाएक दिवस लागतात, म्हणजे आजी, आई, नात असं सगळं घराणं महिन्याभरात बघायला मिळतं, माणसावर हे करायला गेलं तर आपलं अख्खं आयुष्य जाईल. शक्य असेल तर कॉलवर माश्यांची बाटली दाखव, मोबाइलचा कॅमेरा मायक्रोस्कोपला लावून लाल डोळे दाखव. बाकी तयारी काही लागत नाही.

पगाराचा प्रश्न येणार, तो टाळू नकोस. ज्या घरातून ती मुलं येतात तिथे हा पहिला प्रश्न आहे आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. सांग की नेट नावाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला 37000 रुपये फेलोशिप मिळते, 2023 पासून हा आकडा आहे, दोन वर्षांनी थोडी वाढते, वेळेवर कधी येते कधी नाही तेही सांग. शिकताना पैसे मिळतात हेच कित्येक मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना माहीत नसतं. एखाद्या मुलीचं पुढचं शिक्षण या एका आकड्यावर वाचू शकतं.

देवाच्या प्रश्नावर तुझं जे खरं मत आहे ते दोन वाक्यांत सांग आणि हेही सांग की माझ्या लॅबमध्ये मानणारे आहेत आणि न मानणारेही आहेत, माशी मोजताना आम्ही सगळे सारखीच मोजतो. घरच्या श्रद्धेची टिंगल करू नकोस. पण भूतबाधा, करणी, भानामती असा विषय निघाला तर तिथे गुळमुळीत राहू नकोस, स्पष्ट बोल.

आणि हे काम आपल्याकडे नवीन नाही हे लक्षात ठेव, इंटरनेट तेवढं नवीन. डॉ. जयंत नारळीकरांकडे व्याख्यान संपल्यावर मुलं सह्या मागायला यायची, तेव्हा ते म्हणायचे, सही अशी नाही मिळणार, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल. आणि ते खरंच उत्तरं पाठवायचे. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण सहीसाठीसुद्धा प्रश्न आधी मागायचा. प्रा. यशपाल दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट'मध्ये प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, कॉस्मिक किरणांवर काम केलेला माणूस, यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष, पण समोर आलेल्या साध्या घरगुती प्रश्नावर आपल्यासमोर विचार करत करत उत्तराकडे जायचा. तुला त्यांच्याएवढं यायला हवं असं काही नाही, तेवढ्या आदरानं समोरच्या पोराचा प्रश्न ऐकलास की झालं. प्रश्न नीट कळला नाही तर 'म्हणजे काय म्हणायचंय तुला, परत सांग ना' असं विचार, आणि प्रश्न विचारणाऱ्याचं नाव घेऊन उत्तर दे. 'खूप छान प्रश्न' असं प्रत्येकाला म्हणू नकोस, चौथ्या वेळी मुलांना कळतं.

अवकाश स्थानकातल्या अंतराळवीरांशी शाळेला बोलता येतं असं ऐकलं. खरं आहे का? – मुख्याध्यापक, कुडाळ

खरं आहे. एरिस नावाच्या उपक्रमातून हॅम रेडिओवर, म्हणजे लायसन्स घेतलेले हौशी लोक चालवतात त्या रेडिओवर, शाळांचं बोलणं होतं, स्थानकावरून पहिल्या शाळेशी बोलणं झालं ते डिसेंबर 2000 मध्ये. स्थानक 400 किलोमीटरवरून ताशी 28000 किलोमीटर वेगानं जातं, त्यामुळे ते आपल्या डोक्यावरून जाईपर्यंतची साधारण दहा मिनिटंच हातात असतात. मुलं रांगेत उभी, एकानं प्रश्न विचारून 'ओव्हर' म्हणायचं, उत्तर ऐकायचं, पुढचा. शुभांशु शुक्ला 2025 च्या जुलैमध्ये तिथे होते तेव्हा बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रातून भारतातली मुलं त्यांच्याशी अशीच हॅम रेडिओवर बोलली. पण सर, अर्ज, लायसन्सवाले हॅम रेडिओचे जाणकार, अँटेना, बरीच आधीपासून तयारी, हे सगळं लागतं, आणि निवड होईलच असं नाही. मी म्हणेन ते डोक्यात ठेवा पण त्यासाठी थांबू नका. तुमच्यापासून गोवा जवळ, तिथे अंटार्क्टिकाच्या 'मैत्री' आणि 'भारती' या आपल्या तळांवर राहून आलेली माणसं आहेत, त्यांच्याशी तासभर निवांत बोलता येईल, दहा मिनिटांचं घड्याळ नाही.

मुली अनोळखी माणसांशी ऑनलाइन बोलणार, याची काळजी वाटते. – एक आई, मिरज

वाटायलाच हवी. नियम साधे आहेत आणि त्यात सूट द्यायची नाही. कॉल शाळेच्या खात्यावरून, वर्गात, शिक्षक पूर्ण वेळ हजर. मुलीचा नंबर, मेल, इन्स्टा काहीही द्यायचं नाही, शास्त्रज्ञांनीही आपला वैयक्तिक नंबर मुलांना द्यायचा नाही, पुढचा सगळा पत्रव्यवहार शिक्षकांमार्फत. रेकॉर्डिंग करायचं किंवा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकायचे तर आधी पालकांची लेखी परवानगी. शाळेनं हे स्वतःहून सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा, वाईट दिसेल असं वाटून घेऊ नका.

आमच्याकडे सेशन छान झालं, पण मुलांचे साठ-सत्तर प्रश्न उरले. त्यांचं काय करायचं? – शिक्षिका, परभणी

फेकू नका एवढं आधी सांगते! मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला, पुढे एकलव्य संस्थेनं तो वाढवला, 2002 मध्ये सरकारनं बंद करेपर्यंत तो चालला. त्या कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलांनी मनात येईल तो प्रश्न सवालीरामला पत्रानं कळवायचा आणि सवालीराम उत्तर पाठवायचा. पत्रं लिहिणारी माणसं बदलत राहिली, सवालीराम तोच. मुलांचे असे प्रश्न गोळा करून वेगवेगळ्या भारतीय भाषांत मांडण्याचं काम त्याच नावानं आता इंटरनेटवरही चालतं.

तुम्ही वर्गातच असा एखादा सवालीराम करा, नाव पोरांनाच ठेवू द्या. उरलेले प्रश्न एका वहीत, प्रत्येकाखाली नाव आणि तारीख. मग त्यांचे ढीग करा. काही पुस्तकात सापडतील, ते मुलांनी शोधायचे. काही करून बघता येतील, ते शनिवारी करायचे. काही गावातच सुटतील, गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात का नसतात हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारता येतं, त्यासाठी नेट लागत नाही. या सगळ्यातून जे खाली राहतील ते दहा-बारा घ्या आणि ज्यांचं सेशन झालं त्याच शास्त्रज्ञांना पाठवा, लेखी उत्तराची घाई नाही म्हणून सांगा. त्यांचं उत्तर आलं की ते ज्याचा प्रश्न होता त्याच्या हातात द्या, त्यानं वर्गासमोर वाचायचं. आणि महिनाभरात उत्तर नाही आलं तर एक आठवण करणारा मेल मुलांकडूनच लिहून घ्या, शाळेच्या मेलवरून जाऊ दे, त्याला उत्तर येण्याची शक्यता आपल्या मेलपेक्षा बरीच जास्त असते.